पाणी थटतं तिथे



आयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी ‘नदी’ एवढंच म्हणालो होतो. पत्रिकेत त्याचं ‘नदीची भूरूपे, प्रक्रिया आणि पुराची कारणे’ असं भारदस्त नाव झालं. तक्रार नाही, पण ते वाचून नववीच्या परीक्षेला बसल्यासारखं वाटलं. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी आज असते तर हसले असते. पुस्तकातला नदीचा धडा त्यांनी आम्हाला वर्गात कधी शिकवला नाही. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावाला पाणी लागलं की संध्याकाळी ते चार पोरं घेऊन काठावर जायचे, पाण्याच्या कडेला बाभळीची एक खुंटी ठोकायचे आणि सकाळी शाळेआधी ती बघून यायला सांगायचे. खुंटी बुडाली तर चढ. कोरड्यात राहिली तर उतार. आणि पाणी खुंटीला तसंच टेकून असेल तर म्हणायचे, “थटलंय.”

चढ आणि उतार कुणालाही कळतो. हे थटणं समजून घ्यायला मात्र मला पुढची पुष्कळ वर्षं लागली. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे. पूर म्हटलं की आपण विचारतो, पाऊस किती पडला, धरणातून किती सोडलं, पाणी किती फुटांवर गेलं. एवढं पाणी पुढे जायला इतके दिवस का लागले, हे फारसं कुणी विचारत नाही. कृष्णा-पंचगंगेच्या पुराचं निम्मं उत्तर मला त्या प्रश्नात दिसतं.

सुरुवात महाबळेश्वरापासून करू. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री अशा पाच नद्यांचा उगम मानतात. त्यातल्या दोघींकडे बघा. सावित्री पश्चिमेला कड्यावरून खाली जाते, पोलादपूर आणि महाड गाठते आणि शंभरेक किलोमीटरात बाणकोटला समुद्राला मिळते. कृष्णा पूर्वेला वळते. तिच्या उगमापासून अरबी समुद्र सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटरांवर आहे, पण ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. उंची दोघींची सारखीच. ती उंची एकीने शंभर किलोमीटरात उतरायची आणि दुसरीने चौदाशे. महाडला पूर काही तासांत चढतो. समुद्राची भरती आडवी आली तर थांबतो आणि ओहोटीला सुटतो. सांगलीला तो दिवसांनी मोजावा लागतो.

कृष्णेचा हा उतारही सगळीकडे सारखा नाही. उगम सुमारे १३३७ मीटर उंचीवर. वाईच्या घाटावर ती येते तेव्हा उंची सातशे मीटरच्या आसपास असते. म्हणजे पहिल्या पन्नासेक किलोमीटरांच्या आतच तिने जवळजवळ निम्मी उंची खर्चून टाकलेली असते. वाई ते सांगली हे अंतर दीडशे किलोमीटरांहून जास्त, आणि तेवढ्यात ती उतरते फार तर दीड-पावणेदोनशे मीटर. आणि सांगलीच्या खाली अकराशे किलोमीटरांची वाट राहिलेली असते. घरातला कर्ता माणूस पगाराच्या पहिल्याच आठवड्यात निम्मे पैसे उडवतो आणि उरलेला महिना काटकसरीत काढतो, तसा हा प्रकार आहे.

नदीचं भूगोलातलं सगळं काम या खर्चातून होतं. उतार आहे तिथे वेग, आणि वेग आहे तिथे ताकद. एक जुना नियम असा की वेग दुप्पट झाला तर पाणी चौसष्टपट वजनाचा दगड हलवू शकतं. म्हणून उन्हाळ्यात ज्या धोंड्यावर बसून आपण पाय भिजवतो तो धोंडा श्रावणात जागेवर सापडत नाही. सह्याद्रीच्या माथ्याकडे ‘व्ही’ आकाराच्या दऱ्या, घळया, धबधबे दिसतात ते याच ताकदीमुळे. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. भोवऱ्यात अडकलेला गोटा गरगर फिरतो आणि काळ्या कातळाला माणूस उभा मावेल एवढा रांजण पाडतो. त्याला किती काळ लागला असेल? तसा फार, आणि तसा थोडा. कारण आपल्या नद्या वर्षभर राबत नाहीत. पुण्याचे विश्वास काळे यांनी नर्मदा-तापीसारख्या नद्यांच्या जुन्या पुरांचा माग काठच्या गाळातून काढला. त्यांच्या अभ्यासातून दिसतं ते असं की मोसमी नद्यांचं मोठं काम वर्षातल्या, किंबहुना दशकातल्या, मोजक्या दिवसांत उरकतं. बाकीचे दिवस नदी आपण बघायला गेलो म्हणून वाहत असते.

कऱ्हाडच्या खाली कृष्णेचा स्वभाव बदलतो. आता तिच्याकडे उतार नाही, पण वरून आणलेला गाळ आहे. मग ती वळणं घेते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी जोरात आपटतं आणि काठ कातरतं. आतल्या अंगाला वेग मरतो आणि गाळ बसतो. त्या गाळाच्या रानाला आपण मळी म्हणतो. मळीचं रान म्हणजे काय हे इथे कुणाला समजावायला नको. कृष्णाकाठच्या वांग्यांची चव त्या मळीची आहे. पुस्तकात पुढे नालाकृती सरोवराचं चित्र असतं, नदी आपलंच वळण तोडून सरळ जाते ते. आपल्याकडे ते सहजासहजी घडत नाही. बिहारची कोसी गेल्या अडीचशे वर्षांत शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला सरकली आणि २००८ साली बांध फोडून पुन्हा एकदा भलतीकडेच गेली. कृष्णेचे काठ चिकट काळ्या मातीचे, आणि तळाशी कातळ. ती पात्र सोडून जात नाही. पाणी वाढलं की उभी चढते आणि मग आडवी पसरते.

आता जरा पसरण्याबद्दल. अमेरिकेचे लूना लिओपोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुष्कळ नद्या मोजल्या. पात्र काठोकाठ भरेल एवढंच पाणी साधारण दीड-दोन वर्षांतून एकदा येतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे नदी पात्र कोरते ते नेहमीच्या पुराच्या मापाचं. त्याहून मोठ्या पुरासाठी ती वेगळं पात्र कोरत बसत नाही. त्यासाठी तिने दोन्ही बाजूंना पूरमैदान पसरून ठेवलेलं असतं. ते तिचंच वरच्या मजल्याचं पात्र, पाच-पंचवीस वर्षांतून एकदा लागणारं. मधल्या वर्षांत तिथे ज्वारी डोलते, आणि एकदा सातबाऱ्यावर नाव चढलं की ते पात्र होतं हे आपण विसरतो.

या मैदानाची एक गंमत आहे, तिने अनेकांना फसवलं आहे. पाणी काठावरून बाहेर पडतं तेव्हा त्याचा वेग एकदम मरतो. जाड गाळ काठालाच बसतो आणि बारीक गाळ लांब जातो. शतकानुशतकं असं होऊन काठ उंच होतो आणि त्याच्यामागची जमीन सखल राहते. याला भूगोलात पूरतट म्हणतात. आपली बरीच जुनी गावठाणं, पांढरीची जागा, अशा उंचवट्यांवर आहेत, आणि काळी, म्हणजे शेतजमीन, मागे सखलात. त्यामुळे गावातला माणूस नदीकडे बघत बसतो: अजून दहा फूट आहे, अजून आठ फूट आहे. आणि पाणी येतं पाठीमागून. नदी फुगली की तिला मिळणारा ओढा उलटा वाहू लागतो, त्या वाटेने मागची सखल रानं भरतात, आणि नदीचं पाणी घाटाच्या पायऱ्यांवर असतानाच गावाचा रस्ता बुडालेला असतो. गावाचं बेट होतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली. ब्रह्मनाळ येरळा आणि कृष्णेच्या संगमावर आहे. अशा गावातून बाहेर पडायची वाट आधी बुडते आणि घरं नंतर.

गुरुजी खुंटी ठोकायला नदीवर जायचे, पण येताना ओढ्याच्या मोरीवर थांबायचे. कडब्याचं एक चिपाड मोडून ओढ्यात टाकायचे आणि विचारायचे, “कुठं चाललं?” नदीकडे चाललं असेल तर घरी जाऊन जेवायचं. दुसरं काही उत्तर आलं तर ते सायकल काढायचे.

संगमांची गोष्ट याहून मोठ्या मापाची, पण तीच. कऱ्हाडला कृष्णा उत्तरेकडून येते, कोयना तिच्या समोरून येते आणि दोघी समोरासमोर भेटतात. आपण त्याला प्रीतिसंगम म्हणतो. पाण्याच्या हिशेबात ती टक्कर आहे. पुढे ब्रह्मनाळला येरळा, हरिपूरला वारणा, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. पंचगंगा स्वतःच प्रयाग चिखलीच्या संगमातून जन्मलेली. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी गुप्त सरस्वती. या सगळ्या नद्यांचा पाऊस एकाच डोंगररांगेवर, बहुतेक वेळा एकाच दिवशी पडतो. मग त्या एकाच पात्राच्या दाराशी येऊन उभ्या राहतात. कृष्णा आधीच भरून वाहत असेल तर वाडीला पंचगंगेला आत शिरायला जागा मिळत नाही. तिचं पाणी थटतं, फुगवटा मागे सरकतो, आणि इचलकरंजी, रुई, शिरोली असं करत पाणी सपाटीवर साठत जातं. कोल्हापुरात त्या दिवशी ऊन पडलेलं असलं तरी राजाराम बंधाऱ्याची पातळी उतरत नाही, आणि लोक म्हणतात, पाऊस थांबला तरी पूर कसा?

याच्या उलट चमत्कार सांगलीत दिसतो. महाबळेश्वर, गगनबावडा इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. सांगली शहरात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. सांगलीला पूर येतो तो दुसऱ्याच्या पावसाने. २०१९ला सांगलीच्या पेठांत होड्या फिरत होत्या तेव्हा त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला जत तालुक्यात लोक टँकरची वाट बघत होते.

२०१९ आणि २०२१चे पूर शेजारी ठेवून बघू. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. सांगलीत आयर्विन पुलाखाली तेच आकडे ४० आणि ४५. २०१९ला पंचगंगा साडेपंचावन्न फुटांवर गेली आणि कृष्णा ५७ फुटांच्या वर. २०२१ला पंचगंगा ५६ फुटांच्याही वर गेली, पण कृष्णा सांगलीत ५५ फुटांच्या आसपास थांबली. पंचगंगेचा विक्रम मोडला आणि कृष्णेचा मोडला नाही. पाऊस कमी होता म्हणावं तर २२ जुलै २०२१च्या त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ६०० मिलिमीटर कोसळला. पण तो जुलै होता. कोयना धरणात जागा होती आणि त्याने बराच लोंढा पोटात घेतला. २०१९ला ऑगस्ट उजाडला तेव्हा धरणं भरत आली होती, पाऊस आठवडाभर थांबला नाही, आणि आलेलं पाणी पुढे ढकलण्याशिवाय इलाज उरला नाही. पावसाचा आकडा सारखाच असला तरी तो कोणत्या आठवड्यात पडतो यावर पूर ठरतो.

धरणांबद्दल बोलताना थोडं अंकगणित करावं, नाहीतर नुसता आवाज वाढतो. एक लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला लाख घनफूट, पाणी चोवीस तास वाहिलं तर ते ८.६४ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, होतं. राजर्षी शाहू महाराजांनी पाया घातलेलं राधानगरी धरण ८.३६ टीएमसीचं. म्हणजे लाख क्युसेकचा लोंढा एका दिवसात आख्खं राधानगरी भरून टाकतो. राधानगरीचा स्वयंचलित दरवाजा उघडला की कोल्हापुरात भीतीची लाट येते. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी येतं. सातही उघडले तर दहा हजाराला चार कमी. ते येऊन मिळतं म्हणून पूर वाढतो हे खरं. पण तेवढ्याने पूर होत नाही. खालच्या मोकळ्या नद्यांचं, म्हणजे धरण नसलेल्या पाणलोटाचं, पाणी कुणी मोजून सांगत नाही म्हणून ते कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. कोयनेचं पोट १०५ टीएमसींचं आहे आणि तिच्याकडून अपेक्षा दोन: वीज आणि शेतीसाठी ऑगस्टअखेर भरलेली असावी, आणि पूर येईल म्हणून रिकामी असावी. या दोन अपेक्षा एकाच दरवाजावर बसवून आपण धरणावरच्या अभियंत्याला जुलैभर जागं ठेवतो.

आणि अलमट्टी, खाली कर्नाटकात कृष्णेवरचं धरण. हे नाव घेतल्याशिवाय या भागात सभा संपत नाही. २०१९च्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. समितीचा निष्कर्ष असा की वरच्या भागातल्या पुराला अलमट्टी आणि हिप्परगीचा बंधारा कारण नाहीत. अतिवृष्टी आणि पूरमैदानातली अतिक्रमणं ही मोठी कारणं. तो निष्कर्ष इथे अनेकांना पटलेला नाही, हे मला ठाऊक आहे. माझं मत विचाराल तर मला तो बराचसा पटतो, पण कायमचा पटून घ्यायची तयारी नाही. अलमट्टीची पूर्ण पातळी आज ५१९.६० मीटर आहे आणि ती ५२४.२५६ वर न्यायला कृष्णा पाणीतंटा लवादाची परवानगी आहे. धरणाच्या फुगवट्याच्या शेपटाला गाळ बसतो, तो वर्षागणिक वर सरकतो आणि उतार आणखी मंद करतो. हे भूगोलाचं साधं गणित कोणत्याही निकालाने बदलत नाही. तेव्हा दर काही वर्षांनी मोजावं. मात्र अलमट्टीकडे बोट दाखवताना आपल्या घराजवळचा भराव कुणी मोजायचा, हे मला कळत नाही.

भरावाचं सांगतो. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पंचगंगेच्या पूरमैदानातून जातो तो मातीच्या उंच भरावावरून. पाण्यासाठी पूल आहे तो पात्रापुरता. पण मोठ्या पुरात पाणी पात्रापुरतं कुठे असतं? ते भरावाला येऊन थटतं, चढतं, आणि शेवटी भरावावरूनही जातं. महामार्ग २०१९ आणि २०२१ला, दोन्ही वेळा, दिवसेंदिवस बंद राहिला. दुसरी आडकाठी उसाची. पूर्वी मळीत ऑगस्टला एक तर काही नसायचं, किंवा गुडघाभर पीक असायचं. पाणी त्याच्या डोक्यावरून निघून जायचं. आज त्याच रानात दोन पुरुष उंचीचा ऊस दाटीने उभा असतो. कंगव्यातून तेल जावं तसं पाणी त्यातून जातं. ऊस लावणाऱ्याला मी दोष देत नाही, मी स्वतः लावला आहे. फक्त पूर किती दिवस राहिला याच्या हिशेबात तो धरला पाहिजे.

पाण्याला वाट कशी द्यावी हे आपल्याला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. नरसोबाच्या वाडीला दक्षिणद्वार सोहळा होतो. कृष्णा चढली की पाणी उत्तरेच्या दाराने मंदिरात शिरतं, पादुकांवरून जातं आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. त्या दिवशी लांबून माणसं स्नानाला येतात. पाणी आणखी वाढलं की उत्सवमूर्ती वर हलवतात, उतरलं की खाली आणतात. पाणी अडवायला तिथे भिंत घातलेली नाही. दोन दारं ठेवली आहेत. तिथून पाच-पंचवीस किलोमीटरांवर शहरात आपण घर बांधतो तेव्हा दार एकच ठेवतो, आणि तेही नदीकडे.

आता रेषांबद्दल. पाटबंधारे खातं नकाशावर निळी आणि लाल अशा दोन रेषा काढतं. निळी साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई आणि दोन रेषांच्या मध्ये अटींवर परवानगी. ‘शंभर वर्षांतून एकदा’ हा शब्दप्रयोग घात करतो. लोक म्हणतात, २०१९ला येऊन गेला, आता नातवाच्या नातवाने बघावं. दोन वर्षांतच तो परत आला. त्या शब्दप्रयोगाचा अर्थ फक्त एवढा की कोणत्याही वर्षी तसा पूर येण्याची शक्यता शंभरात एक. तीस वर्षांचं गृहकर्ज काढून तुम्ही लाल रेषेवर घर घेतलंत, तर कर्ज फिटेपर्यंत पूर येण्याची शक्यता शंभरात सव्वीस. निळ्या रेषेवर घेतलंत तर शंभरात एकाहत्तर. इतक्या धोक्याची भिशी कुणी लावत नाही, पण फ्लॅट घेतात. त्यातही ही गणितं जुन्या नोंदींवरची. काठ बदलले, भराव आले, पाऊस थोड्या दिवसांत जास्त पडू लागला, तर शंभर वर्षांचा पूर शंभर वर्षांचा राहत नाही.

याची साक्ष मला हरिपूरच्या पेवांत मिळते. हळद साठवायला जमिनीत खणलेली ही पेवं पिढ्यान्‌पिढ्या कोरडी राहिली. राहिली म्हणूनच तिथे हळद ठेवली जायची. २००५च्या पुरात पाणी पेवांत शिरलं आणि हळद गेली. ज्यांनी ती जागा निवडली त्यांनी पुराची मर्यादा पाहून निवडली असणार. त्यांचा अंदाज चुकला म्हणण्यापेक्षा त्यांच्या वेळची नदी वेगळ्या वेळापत्रकावर चालत होती, असं मला वाटतं.

वेळ संपत आली आहे, अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. एक आठवण सांगून थांबतो. २०२१च्या जुलैत पूर चढत होता त्या रात्री मी गावी होतो. मोबाईलवर दर तासाला आयर्विन पुलाचा आणि राजाराम बंधाऱ्याचा आकडा येत होता, तो गावातल्या पोरांनी मला चार-चारदा पाठवला. नदी घाटावर अजून खालीच होती. कुणी म्हणालं, उजाडल्यावर बघू. मी पुतण्याला घेऊन ओढ्याच्या मोरीवर गेलो. कडबा आता गावात मिळत नाही, म्हणून उसाचं पाचट मोडून टाकलं. टॉर्चच्या उजेडात ते थोडा वेळ एका जागी गरगरलं. मग गावाकडे निघालं. आम्ही परत येऊन गोठ्यातली दावी सोडली. तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते.